जागा अपुरी आहे

शाळेच्या पाटीवर कानडी अक्षरांत लिहिलंय
की ही शाळा मराठी आहे.
त्याच पाटीखाली, ऑगस्टात,
खोक्यातनं बाहेर आले सहा टॅब.
एकाची काच वाटेतच तडकलेली.
तो मी माझ्याकडं ठेवला.

रेंज वर्गात येत नाही.
ती येते पाण्याच्या टाकीच्या चौथ्या पायरीवर,
तेही जांबोटीकडच्या टॉवरला लाईट असेल तर.
तिथं उभी राहून मी धडे उतरवून घेते
आणि भरल्या घागरीसारखे
सांडू न देता वर्गात आणते.

वाचनाचं अ‍ॅप भलतं हुशार.
मूल वाचतं, ते ऐकतं.
बरोबर शब्द हिरवा, चुकला की लाल.
सातेरी घाडीसमोर वाक्य आलं:
आई बाजारातून परत येत आहे.
त्यानं बघितलं, समजून घेतलं,
आणि सांगितलं,
"आई बाजारातनं माघारी येऊलालीय."

लाल.
पुन्हा प्रयत्न करा.
लाल.
अकराव्या वेळी त्यानं टॅब पालथा घातला बाकावर.
"बाई, आई कवाच घरला आली.
ह्यालाच कळंना झालंय."

मग भागूनं शोध लावला:
टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईसारखं
मान ताठ करून, नाकातनं बोललं
की सगळं हिरवं होतंय.
दोन दिवसांत अख्खी पाचवी निवेदिका झाली.
पाणी प्यायला जायचं तरी
"मला परवानगी देण्यात यावी."
मी हसले.
तालुक्याला तक्ता पाठवला, प्रगती शंभर टक्के.
रात्री भाकरी थापताना ते शंभर टक्के
पिठासारखे बोटांना चिकटून राहिले,
धुतले तरी निघेनात.

पलीकडच्या वर्गात हंचिनमनी टीचर. रायबागच्या.
बावीस वर्षं कानडी शिकवतात.
त्यांनी आपला टॅब उघडला, एक ओळ वाचली,
आणि त्यांनाही लाल.
त्यांच्याच भाषेत.
"ह्येला बेंगळूरचं पायजे की वो," म्हणाल्या,
आणि इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.
कशासाठी पुसले, मी विचारलं नाही.
त्या दुपारी एकाच डब्यातली शेंगाचटणी
आम्ही दोघींनी बोटानं निपटून संपवली.

दुसऱ्या दिवसापासून तडकलेला टॅब
रोज एका घरी मुक्कामाला.
अ‍ॅप बंद. नुसतं रेकॉर्डिंग.
जा, तुमच्या घरातले शब्द घेऊन या.

भागूची आई आधी म्हणते, "नको बाई, मला काय येतंय,"
आणि मग वीस मिनिटं भाताच्या जाती सांगते,
मधेच कोंबड्या हाकलत.
सातेरीचा बाप कौलांच्या भट्टीवर.
मातीची नावं सांगतो, साच्यांची, धुराचीसुद्धा.
मागनं सातेरीचा बारीक आवाज:
"ह्यातलं मराठी कुठलं, कानडी कुठलं?"
बाप थांबतो. विडी विझवल्याचा आवाज.
"भट्टीत घातल्यावर सगळं तांबडंच होतंय बा."

हे मी वर्गात तीनदा ऐकवलं.
हंचिनमनी टीचर दारात उभ्या राहून ऐकत होत्या.
दोन शब्दांवर म्हणाल्या, आमचे.
एकावर दोघीही म्हणालो, आमचा.

आज सकाळी टाकीच्या पायरीवर
वाचनाच्या अ‍ॅपची नवी आवृत्ती आली.
म्हणे, आता आणखी अचूक ऐकणार.
घ्यायला गेले तर काचेच्या तड्याखाली,
अगदी शुद्ध मराठीत:
जागा अपुरी आहे.
काही फाइली काढून टाका.

खाली यादी.
सातेरी भट्टी.
भागू भात.
टीचर हसताना.
तक्ता, शंभर टक्के.

मी तक्ता काढून टाकला.
तो भलताच हलका निघाला,
त्यानं काही जागा झाली नाही.

घंटा होऊन गेलीय.
खालनं भरमू हाका मारतोय, "बाई, येऊलालाय न्हवं?"
"येते," म्हणायला तोंड उघडलं,
आणि कुणी लाल करणारं नव्हतं म्हणून
म्हटलं, येऊलालेय रे,
येऊलालेय.